दोन पान्यांचा बोल्ट

गॅरेजच्या मधोमध पत्रा उभा राहिला आणि बाजारानं दोघा भावांचं नव्यानं बारसं केलं. थोरला झाला मोटरमास्तर आणि धाकटा वायरमास्तर. आईबापांनी ठेवलेली नावं त्यानंतर फक्त पोस्टमनच्या तोंडी उरली.

वाटणी अशी होती की गाडीतलं जे फिरतं ते थोरल्याचं. डायनॅमो, सेल्फ, वायपरची मोटर, हीटरचा पंखा. आणि जे फिरत नाही, पण ज्यात स्विचमधून करंट येतो ते सगळं धाकट्याचं, म्हणजे वायर, स्विच, फ्यूज आणि दिवे. एकाच्या कामाला दुसऱ्यानं बोट लावायचं नाही. ही वाटणी काही वकिलानं केलेली नव्हती, वकिलाला थोडी तरी लाज वाटली असती. दोघांनी स्वतःच, रागाच्या भरात, भर रस्त्यावर उभं राहून ती केली होती. अहो, मोटरला वायर लागते आणि वायरला मोटर लागते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण या दोघांना सांगणार कोण?

गिऱ्हाईकांची मात्र करमणूक झाली, निदान सुरुवातीला तरी. वायपर चालत नाही म्हणून माणूस वायरमास्तराकडे यायचा. वायरमास्तर करंट तपासायचा दिवा लावून बघायचा आणि म्हणायचा, "माझ्याकडून करंट पोचतोय. शेजारी विचारा." माणूस मोटर काढून घेऊन पत्र्याला वळसा घालून दुसऱ्या दारात. तिथं मोटरमास्तर मोटर टेबलावर ठेवून बॅटरीला जोडायचा, मोटर गरगर फिरायची. "माझी मोटर ठणठणीत आहे. सांगा त्याला." सांगायची काही गरज नव्हती. पत्रा कसला, पापड होता तो, इकडे शिंकलं की तिकडे ऐकू जायचं. पण दोघांत विस्तव जात नव्हता, त्यामुळे माणसानं पुन्हा वळसा घालून येऊन निरोप सांगायचाच.

भांडणाचं मूळ म्हणजे एक जळालेली गाडी. वडील गेल्यावर दोघं एकत्रच काम करत होते, आणि दोघांनी मिळून तयार केलेली एक गाडी गिऱ्हाइकाच्या दारात पेटली. माणूस वाचला, गाडीचा कोळसा झाला. थोरला चार लोकांदेखत म्हणाला, "ह्याच्या वायरिंगनं जळाली." धाकटा म्हणाला, "तुझी मोटर जाम झाली आणि वायर तापली." खरं काय ते राखेत कुणाला दिसणार? पण "ह्याच्या वायरिंगनं" हे चार लोकांदेखत म्हटलेले शब्द धाकट्याच्या काळजात जे रुतले ते रुतलेच.

आणि वायरिंग म्हणजे त्याचा जीव होता हो. इतर लोक दोन तारा पिळतात, वर चिकटपट्टी गुंडाळतात आणि मोकळे होतात. हा प्रत्येक जोड पिळून, कथलाचा डाग देऊन, वर सुती फीत चढवून, मग दोऱ्यानं ओवून बांधायचा. त्यानं केलेला डॅशबोर्ड उघडला की आतून वेणी घातल्यासारखा दिसायचा. कुणी चिकटपट्टीचा जोड घेऊन आला तर हा आधी तो तोडून त्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "हे घरी न्या, दाराला लावा." तिरसट म्हणून त्याची ख्याती होती. त्याला स्वतःलाही ती आवडायची. बायको म्हणायची, "तुमच्या अंगात एवढा करंट आहे, तुम्हाला बॅटरी कशाला लागते?"

त्याला गप्प करणारं माणूस जगात एकच होतं, ते म्हणजे ताई.

आई गेली तेव्हा धाकटा अजून अंगठा चोखत होता. ताईनं शाळा सोडली आणि दोघांना वाढवलं. केस विंचरले, पाट्या पुसल्या, धपाटे घातले. वडील गाडीखाली शिरले की दिवा धरायला त्यांना कुणीतरी लागायचं, तेही ताईच करायची. दिवा धरता धरता तिला सगळं कळायला लागलं. कुठली तार कुठं जाते आणि मोटर का रुसते, हे ती दोघा भावांच्या आधी शिकली. मुलगी म्हणून तिच्या हातात पाना कुणी दिला नाही, एवढंच. पुढं तिचं लग्न झालं, दाजी चांगले निघाले. दाजींनी हौसेनं एक निळी गाडी घेतली होती, गोल पाठीची, बेडकाच्या डोळ्यांसारख्या दिव्यांची. दाजी गेले, त्या जातीच्या गाड्या रस्त्यावरून गेल्या, पण ती गाडी ताईनं ठेवली. स्वतः चालवायची. गेल्या वर्षी तिला नवा निळा रंगही दिला. सिग्नलला उभी राहिली की तरणी पोरं फोटो काढायची आणि ताई काच खाली करून विचारायची, "गाडीचा काढलास की माझा?"

तर ही ताई एके दिवशी गाडी घेऊन आली आणि बरोबर पत्र्यासमोर उभी केली. एक चाक थोरल्याच्या दारात, एक धाकट्याच्या दारात. हॉर्नवर हात ठेवला तो दोघं बाहेर येईपर्यंत काढला नाही. दोघं आले, आपापल्या हद्दीत उभे राहिले. ताई उतरली नाही, तिला धाप लागली होती.

"ऐका," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात हृदयाची झडप गेलीय. ऑपरेशन करायचं, आणि लवकर करायचं. लेकीच्या गावाला मोठं हॉस्पिटल आहे, तिनं सगळं बोलून ठेवलंय."

दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं. "मी नेतो," थोरला म्हणाला. "मी नेतो," धाकटाही म्हणाला, आणि एकदम बोललो म्हणून दोघांनी एकदम तोंडं फिरवली.

"ह्याच गाडीतून जाणार मी. तुमच्या दाजींची गाडी आहे. एकानं चालवायची, एकानं शेजारी बसायचं, मी मागं झोपणार. पण हिचा वायपर बंद पडलाय. एवढा पाऊस, घाटाचा रस्ता. वायपर चालू करा, मग निघू."

"दुसरी गाडी करू की, ताई."

"दुसऱ्या गाडीत मला मळमळतं," ताई म्हणाली. ती लहानपणापासून अशीच. हट्टाला पेटली की ब्रह्मदेव आला तरी हलायची नाही.

दोघांनी काम केलं, नाही असं नाही. आधी धाकट्यानं डोकं घातलं. बटण दाबलं की वायपर एक आचका द्यायचे आणि मान टाकायचे. त्यानं आपला दिवा काढला. एक चिमटा बॅटरीच्या टोकाला लावला आणि दुसरं टोक मोटरपाशी आलेल्या तारेला. दिवा लख्ख पेटला. स्विच तपासला, फ्यूज तपासला, सगळं चोख होतं. त्यानं ताईला, म्हणजे खरं तर पत्र्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "माझ्या बाजूनं करंट पुरा येतोय."

मग थोरल्यानं मोटर काढून आत नेली, टेबलावर बॅटरीला दोन चिमटे लावले. मोटर भिंगरीसारखी फिरली. कार्बन बदलले, वंगण घातलं, पुन्हा बसवली. वायपरनं पुन्हा एक आचका दिला आणि मान टाकली. थोरला पत्र्याकडे तोंड करून म्हणाला, "माझी मोटर पळतेय."

ताई स्टिअरिंगवर हनुवटी टेकून दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. "दोघंही बरोबर आहात म्हणायचं," ती म्हणाली. "मग वायपर का चालत नाही रे, बाळांनो?"

तिनं गाडी सुरू केली आणि घरी गेली.

आता ज्याला या धंद्यातलं काही कळत नाही त्यालाही सांगतो, कारण सगळी गोम इथंच आहे. करंट मोटरपर्यंत येऊन चालत नाही, त्याला परत जायलाही वाट लागते. जुन्या गाडीत ती वाट म्हणजे गाडीचा पत्राच. वायपरची मोटर रबरावर बसवलेली असते, थरथर होऊ नये म्हणून, त्यामुळे तिच्यापासून गाडीच्या पत्र्यापर्यंत तांब्याची एक विणलेली पट्टी टाकून बोल्टानं घट्ट करतात. याला अर्थिंग म्हणतात. धाकट्यानं दिव्याचं अर्थिंग घेतलं थेट बॅटरीवरून. थोरल्यानं मोटरचं अर्थिंग दिलं आपल्या टेबलावर. दोघांनी आपापली वेगळी वाट वापरली आणि गाडीतली खरी वाट कुणीच तपासली नाही. ती पट्टी ना फिरणारी, ना स्विचमधून येणारी. वाटणीच्या दिवशी ती कुणाच्याच वाट्याला आलेली नव्हती.

धाकट्याला हे त्याच रात्री अंथरुणात पडल्यावर सुचलं. सुचणारच, चाळीस वर्षं घासली होती. दुसऱ्या दिवशी तो ताईच्या घरी गेला. ताई आत स्वयंपाकघरात होती. त्यानं बॉनेट उघडलं, बटण चालू केलं आणि स्क्रू ड्रायव्हर घेतला. त्याचं टोक गाडीच्या पत्र्यावर दाबून रंग खरवडला आणि दांडा मोटरच्या अंगाला टेकवला.

वायपर उठले. एका झोकात काचेवरून गेले आणि परत आले. पुन्हा गेले.

सापडलं! पट्टीच्या बोल्टाखाली नवा रंग गेलाय, दुसरं काय? बोल्ट सोडवायचा, रंग घासून काढायचा, आवळायचा. पाच मिनिटांचं काम. तो बोल्टही त्याला ठाऊक होता. एकट्या माणसाला तो जुमानत नाही. डोकं बॉनेटच्या बाजूला आणि नट आत डॅशबोर्डखाली. एकानं आत घुसून पाना धरायचा, दुसऱ्यानं बाहेरून फिरवायचं. वडील असताना आत धाकटा घुसायचा आणि बाहेर थोरला. आतून तो ओरडायचा, "धरला!" आणि बाहेरून हा, "सोडला!"

त्याच्या मनात आलं, बोलवावं का दादाला?

आणि तिथंच माशी शिंकली. बोलवावं म्हणजे काय? आपण जायचं, त्याच्या दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, ये? लोकांदेखत ज्यानं "ह्याच्या वायरिंगनं" म्हटलं त्याला? पट्टी मोटरच्या अंगाला जोडलेली आहे, म्हणजे मोटरची आहे. मोटर कुणाची? मग येऊ दे की त्याला. येऊन म्हणू दे, वायरिंगमध्ये काही दोष नव्हता, माझंच चुकलं. एवढंच म्हणू दे, मी आत घुसून नट धरतो. मरेपर्यंत धरतो.

त्यानं स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला. वायपर काचेच्या मधोमध थांबले.

ताई पदराला हात पुसत बाहेर आली. चार पायऱ्या उतरायला तिला दोनदा थांबावं लागलं. "काय रे? सापडलं?"

"माझ्या बाजूला काही नाही. दादाला सांग, मोटर नीट बघ म्हणावं."

ताईनं त्याच्याकडे बघितलं, मग थांबलेल्या वायपरकडे, मग त्याच्या हाताकडे. "स्क्रू ड्रायव्हरला निळा रंग लागलाय तुझ्या," ती म्हणाली. "पूस. आणि आत ये, चहा टाकते."

त्यानं पुसला. आत जाऊन चहाही प्याला, वर अर्धा कप मागून घेतला. एवढं निगरगट्ट व्हायला माणसाला काय लागतं कोण जाणे.

त्यानंतर तो वाट बघत बसला. पत्र्याला कान लावून. आज थोरला ताईकडे जाईल, त्याला सापडेल, मग त्याला नाक मुठीत धरून इकडे यावंच लागेल. कारण त्या बोल्टाला दोन माणसं लागतात, हे त्यालाही माहीत आहे. एकदा पत्र्यापलीकडून थोरल्याच्या स्कूटरचा आवाज आला, तो तासाभरानं परतला. धाकट्यानं हातातली पक्कड खाली ठेवली आणि दाराकडे तोंड करून बसला. कुणी आलं नाही. पलीकडे पुन्हा कानस चालू झाली.

बायकोला त्यानं सगळं सांगितलं, अगदी फुशारकीनं. दोष कुठाय ते मला कळलंय, त्याला नाही कळलं. बायको भाजी चिरत होती, तिनं विळी बाजूला सारली.

"मग जाऊन करून का टाकत नाही?"

"ती पट्टी मोटरची आहे."

"पट्टी मोटरची, मोटर भावजींची. आणि बहीण कुणाची?"

"तुला त्यातलं काही कळत नाही."

"नट धरायला माणूस पाहिजे ना? मी येते. मी धरते."

"तुला जमणार नाही."

"मला जमणार नाही," बायको म्हणाली. "अन् तुम्हाला लाज वाटणार नाही. छान चाललंय." तिनं विळी पुढं ओढली आणि त्या दिवशी त्याच्याशी अवाक्षर बोलली नाही.

ताईचा फोन यायचा. आधी रोज, मग एखाद दिवसाआड. "काय रे, दादा भेटला का?" नाही म्हटलं की, "बरं," म्हणायची. तिच्या "बरं"च्या आधी आणि नंतर श्वास ऐकू यायचा, कुणीतरी जिना चढतंय असा. एकदा तो चिडून म्हणालाही, "ताई, हट्ट सोड. मी टॅक्सी आणतो, आत्ता निघू."

"तू एकटाच येणार?"

"मग काय बँड आणू?"

ती हसली. हसता हसता खोकला लागला. "वायपर चालू होऊ दे रे," ती म्हणाली. "मी काय फार मागितलं का?"

फार नव्हतं मागितलं. पाना आणि पाच मिनिटं.

शेवटी भाचीच आली, भाड्याची गाडी घेऊन, धो धो पावसात. आईला जवळजवळ उचलून तिनं मागं झोपवलं आणि दोघा मामांना वाटेवरून फोन केले. ताईला मळमळलं नाही. मळमळायला शुद्ध लागते. हॉस्पिटलात त्यांनी ऑपरेशन केलं, पण हृदयानं साथ दिली नाही. डॉक्टर तरुण होता, सरळ बोलला, आधी आणायला हवं होतं. दोघं भाऊ वेगवेगळ्या गाड्यांनी पोचले, बाकाच्या दोन टोकांना बसले, आणि नंतर ताईला खांदा दिला तोही एकानं डावीकडून, एकानं उजवीकडून. तेव्हाही एकमेकांशी एक शब्द नाही. लोक म्हणाले, दुःखानं वाचा बसली. लोकांचं काय, लोक चांगलंच बोलतात.

पुढं भाची घर आवरायला आली आणि तिनं धाकट्याला निरोप दिला, गाडी हलवायची आहे, सकाळी या. तो गेला तर फाटकाशी थोरल्याची स्कूटर उभी. त्यालाही तोच निरोप गेला होता. घराच्या खिडक्या उघड्या होत्या, आत खोक्यांना चिकटपट्टी लावल्याचा आवाज येत होता. भाची बाहेर आली ती दाराच्या पायरीवरच बसली, मामांना या बसा म्हणाली नाही.

"गाडी विकायचीय," ती म्हणाली. "वायपर चालू करून द्या. दोघांनी."

थोरल्यानं बॉनेट उघडलं. तो एका बाजूला, धाकटा दुसऱ्या बाजूला. दोघांनी खाली बघितलं. मोटरशेजारी निळ्या पत्र्यावर दोन ओरखडे होते, रंग उडालेले, आतला पत्रा पांढरा चमकणारा. एक त्याचा, त्याच्या स्क्रू ड्रायव्हरचा. दुसरा त्याच्याच शेजारी, बोटभर अंतरावर. तो त्याचा नव्हता.

त्यानं मान वर केली. थोरलाही ते दोन ओरखडेच बघत होता. थोरल्याचा चेहरा म्हणजे आधीच दगड, पण त्या दगडाचा रंग उतरला. म्हणजे स्कूटर गेली होती ती इकडेच. यालाही सापडलं होतं. यानंही वायपर उठवले होते, आणि यानंही पाना खिशात घालून घरी जाऊन वाट बघितली होती. मी जावं म्हणून. मी जाऊन म्हणावं म्हणून, की चुकलो.

"कळलं होतं तुला," धाकटा म्हणाला. पत्रा उभा राहिल्यापासून त्यानं भावाला म्हटलेलं हे पहिलं वाक्य.

"तुलाही," थोरला म्हणाला.

धाकटा पाना घेऊन डॅशबोर्डखाली घुसला. पूर्वी सुळकन जायचा, आता गुडघे वाजले, डोकं स्टिअरिंगला आपटलं. अंधारात चाचपून त्यानं नट शोधला, पाना बसवला.

"धरला."

"सोडला," बाहेरून आवाज आला, पण पुढं कानशीचा आवाज येईना.

"काय झालं? घास ना रंग."

"रंग नाहीये," थोरला म्हणाला. "रबर आहे."

बोल्टाच्या डोक्याखाली काळ्या रबराची एक चकती होती, पट्टीखाली दुसरी, आणि बोल्टाच्या दांड्यावर सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक नळी चढवलेली. रबर कुकरच्या जुन्या रिंगचं होतं, कात्रीनं गोल कापलेलं, डोक्याच्या बाहेर तसूभरही दिसू नये इतकं नेमकं, वर काळं वंगण चोपडलेलं. हे काही आपोआप झालेलं नव्हतं. कुणीतरी बसून, विचार करून, करंटाची परतीची वाट बुजवली होती. असं कापायला हात लागतो आणि कुठं कापायचं ते ठाऊक असावं लागतं. वडिलांना दिवा धरून धरून ते ठाऊक झालेलं माणूस एकच होतं.

"आईनं केलं ते," पायरीवरून भाची म्हणाली. "पावसाळ्याच्या तोंडावर मी आले होते ना, तेव्हा. डॉक्टरनं सांगितलं त्याच दिवशी. मी म्हटलं हा काय वेडेपणा? तर म्हणे, दोघं वेगवेगळे आले तर जन्मात सुटायचं नाही, एकदम आले तर पाच मिनिटांचं काम. पुढं मी तिला फोनवर रडून सांगितलं, आई, पुरे, काढू ते. तर म्हणायची, थांब, येतील. माझेच आहेत ते, येतील. आणि मला शपथ घातलेली, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून."

तिनं बोल्टाकडे बोट दाखवलं.

"हा बोल्ट एकट्यानं सुटत नाही, मामा. नट मी धरला होता."

थोरल्यानं चकत्या काढल्या, नळी काढली, पट्टी उघड्या पत्र्यावर बसवली. बोल्ट आवळताना त्याचा पाना दोनदा घसरला. आतून धाकट्यानं नट धरून ठेवला. मग पडल्या पडल्या हात वर करून बटण दाबलं. वायपर निघाले. कोरड्या काचेवर खर्र खर्र करत गेले आणि आले, गेले आणि आले. तो आवाज कुणालाच सहन होत नव्हता आणि बंद करायला कुणी सांगतही नव्हतं.

"ऑपरेशनला नेत होते तेव्हा थोडी शुद्ध आली होती तिला," भाची म्हणाली. रडत नव्हती, एखादा हिशेब चुकता करावा तसं बोलत होती. "मला म्हणाली, आले का गं दोघं? मी म्हटलं, हो. खोटंच. म्हटलं, आले, दोघांनी मिळून केलं, वायपर चालू झाला. तर म्हणते कशी, आत कोण घुसलं होतं?"

थोरला बॉनेटला धरून उभा होता. डॅशबोर्डखालून नुसते धाकट्याचे पाय बाहेर दिसत होते.

"मी म्हटलं, धाकटा मामा. तर हसली. म्हणाली, वाटलंच. त्याचीच कंबर वाकते अजून."

भाची उठून आत गेली. थोरल्यानं हात पुसले. वायपर चालूच होते. धाकटा बाहेर यायला तयार नव्हता.